नवी होडी घेतांना योग्य किंमत कशी ठरवावी

बैल घ्यावयाचा असल्यास आपल्या वाचकांपैकीं कोणासहि फारसें शिकवावें लागत नाहीं. दांत पाहावे, खूर पाहावे, चालवून व जुंपून पाहावें आणि मगच भावाची गोष्ट काढावी, हें ज्ञान शेतकऱ्याच्या घरीं बापाकडून मुलाकडे चालत येतें. होडीची गोष्ट निराळी आहे. कोंकणांतील खाडीकांठच्या शेतकऱ्यास होडी आयुष्यांत एकदां, फार झालें तर दोनदां घ्यावी लागते. विकणारा मात्र दर वर्षीं अनेक सौदे करीत असतो. एकाचा हात बसलेला आणि दुसऱ्याचा कोरा, अशा स्थितींत सौदा बरोबरीचा होणें कठीण. ही उणीव थोड्याशा हिशेबानें भरून काढतां येते. तो हिशेब कसा करावा हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटण, कर्ली या नद्यांच्या खाड्यांवर ठिकठिकाणीं पूल झाले असले, तरी ज्याचें शेत खाडीच्या पलीकडे अगर खाडींतील बेटावर आहे, त्यास पुलाचा उपयोग थोडाच. भाताचीं पोतीं, पेंढ्याचे भारे, नारळ, आंब्याच्या पेट्या, खत आणि लावणी-कापणीचीं माणसें हीं सर्व आजहि होडींतूनच न्यावीं लागतात. म्हणून होडी ही त्याच्या घरीं बैलजोडीइतकीच शेतीची वस्तु आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. योग्य किंमत म्हणजे कमींतकमी किंमत नव्हे. जास्त किंमत दिली तर पैसे जातात. पण कारागिरास त्याच्या खर्चाखालीं दाबलें तर तो उरलेली रक्कम होडींतूनच काढतो. इंचाची फळी पाऊण इंचावर येते, गाभ्याच्या जागीं पांढरें लाकूड बसतें, चार खिळ्यांच्या जागीं तीन मारले जातात. असली होडी भरल्या खाडींत उधाणाच्या भरतीस उघडी पडते, आणि त्या वेळीं तींत भातच असतें असें नाहीं. आपलीं मुलेंमाणसें असतात. ज्या किंमतींत चांगलें लाकूड, पुरतें काम आणि कारागिराचा माफक नफा हीं तिन्ही बसतात, ती योग्य किंमत होय.

१. आधीं गरज ठरवावी

होडी पाहावयास जाण्यापूर्वीं घरीं बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या: एका खेपेस जास्तींत जास्त किती वजन न्यावयाचें, ओहोटीच्या वेळीं आपल्या धक्क्याशीं किती पाणी असतें, आणि होडी वल्ह्यानें चालवावयाची कीं इंजिनानें. हें न ठरवितां गेल्यास विकणाऱ्याकडे तयार असेल तीच होडी आपल्या गरजेची आहे असें वाटूं लागतें.

“दोन टन माल सहज घेईल” असें विकणारा सांगतो. तें खरें कीं नाहीं हें साध्या रीतीनें काढतां येतें. होडी पाण्यास जेथें टेकते त्या रेषेवर तिची लांबी व रुंदी फुटांनीं मोजावी, त्यांचा गुणाकार करावा, आणि दोन्ही टोकें निमुळतीं असल्यामुळें त्याचे दहांतील सात भाग घ्यावे. लांबी १८ फूट व रुंदी ५ फूट असल्यास गुणाकार ९० होतो, आणि त्याचे दहांतील सात भाग म्हणजे ६३ चौरस फूट. होडी आणखी एक इंच बुडाली म्हणजे तिनें ६३ भागिले १२, अर्थात् सवापांच घनफूट पाणी बाजूस सारलें. खाऱ्या पाण्याचा एक घनफूट सुमारें २९ किलो भरतो. तेव्हां दर इंचास सुमारें १५० किलो, म्हणजे दीड क्विंटल वजन, असा हिशेब बसतो.

आतां ५० किलोंचीं बारा पोतीं आणि साठ किलोंचीं चार माणसें धरल्यास ८४० किलो होतात. होडी त्या वजनानें सुमारें साडेपांच इंच खालीं जाईल. रिकामी असतांना कांठ पाण्यापासून १८ इंच वर असेल, तर भरल्यावर साडेबारा इंच उरेल. शांत खाडींतहि भरलेल्या होडीचा कांठ एक फुटाहून खालीं येऊं देऊं नये असें आमचें मत आहे. या नियमानें पाहतां वरील होडी नऊ क्विंटलांची आहे. दोन टनांची नव्हे. बहुतेक होड्या वर जातां रुंद होत असल्यामुळें प्रत्यक्षांत त्या या हिशेबाहून किंचित् कमीच बुडतात. म्हणजे हा हिशेब चुकला तर सुरक्षिततेकडेच चुकतो. पावसाळ्यांत मात्र खाडीचें पाणी गोडें होतें. गोडें पाणी खाऱ्यापेक्षां सुमारें चाळीसाव्या हिश्शानें हलकें असल्यामुळें त्या दिवसांत तेवढें कमी भरावें.

२. लाकडाचा हिशेब

लांकडी होडीच्या किंमतींत मोठा भाग लाकडाचा असतो, आणि घासाघीस करतांना नेमकें त्याचेंच माप कोणी विचारीत नाहीं. तें माप असें काढावें.

होडीच्या एका कांठापासून तळाखालून दुसऱ्या कांठापर्यंत दोरी धरून तीन ठिकाणीं घेर मोजावा: मध्यावर, पुढच्या भागांत व मागच्या भागांत. समजा हे घेर ८, ७ व ६ फूट आले. त्यांची सरासरी ७ फूट. होडी २० फूट लांब असेल तर फळ्यांचें क्षेत्र १४० चौरस फूट झालें. फळी एक इंच जाड असल्यास १४० भागिले १२, म्हणजे ११.६७ घनफूट. बाकीचे भाग याप्रमाणें:

तळाचा मुख्य वासा, ज्यास खलाशी पठाण म्हणतात, १८ फूट लांब, ५ इंच × ४ इंच : २.५० घनफूट.
पुढची नाळ व मागचा खांब मिळून : १.५० घनफूट.
आंतील बरगड्यांसारखीं वाकडीं लाकडें, नग १४, प्रत्येकीं ७ फूट, अडीच इंच चौरस : ४.२५ घनफूट.
दोन्ही कांठांच्या पट्ट्या, प्रत्येकीं २० फूट, ३ इंच × २ इंच : १.६७ घनफूट.
बसावयाच्या आडव्या फळ्या, नग ४, प्रत्येकीं साडेचार फूट, ९ इंच × १ इंच : १.१३ घनफूट.

एकंदर बेरीज २२.७२ घनफूट. हें होडींत बसलेलें लाकूड झालें. तासतांना, वाकाच्या जागीं व तुकडे पडतांना चिरलेल्या मालाचा चतुर्थांश वायां जातो असें धरल्यास सुमारें ३० घनफूट माल विकत घ्यावा लागेल.

येथें एक गोम आहे. गोल ओंडक्याचें माप घेतांना घेराची दोरी चौपदरी करून त्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करतात व त्यास लांबीनें गुणतात. १६ फूट लांब व ४८ इंच घेराचा ओंडका या रीतीनें १६ घनफूट भरतो. शुद्ध भूमितीनें तो २० घनफुटांहून थोडा अधिक असतो. हा जो सुमारें पंचमांश सोडला जातो, तो साल व कडेच्या चिरफळ्या यांच्या घटीसाठींच सोडलेला असतो. म्हणून विकणारा घट सांगूं लागल्यास विचारावें कीं, माप ओंडक्याचें कीं चिरलेल्या मालाचें? ओंडक्याचें असेल तर कांहीं घट मापांतच वजा झालेली आहे. तीच घट पुनः धरूं देऊं नये.

३. लाकडाची व खिळ्यांची परीक्षा

होडीसाठीं सागाचें नांव सर्वत्र घेतलें जातें तें उगीच नव्हे. मुंबईच्या गोदींत सागापासून बांधलेलें व १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि जतन केलेलें आहे. सागाच्या अंगीं तेल असतें. त्यामुळें तो पाण्यांत लवकर कुजत नाहीं व त्यांत मारलेलें लोखंडहि लवकर खात नाहीं. पण हा गुण सागाच्या गाभ्याचा आहे, कडेच्या पांढऱ्या भागाचा नाहीं. सागाचा भाव देऊन पांढरें लाकूड घेणें हें दुधाचा भाव देऊन ताक घेण्यासारखें आहे. रंग लावण्यापूर्वीं प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा पाहाव्या. रंग देऊन झालेली होडी दाखविली, तर एके ठिकाणीं आंतून रंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेल्यास त्यावरूनच काय तें समजावें.

सुकलेल्या सागाचा एक घनफूट साधारणतः १८ ते १९ किलो भरतो; ऐन त्याहून पुष्कळ जड असतो. मोजलेल्या तुकड्याचें वजन केल्यास लाकूड सांगितल्याप्रमाणें आहे कीं नाहीं याचा अंदाज लागतो. ओलेपणाची परीक्षाहि वजनानेंच होते. तुकडा वजन करून आठ दिवस उन्हांत ठेवावा व पुनः वजन करावें. वजन फार उतरलें तर लाकूड ओलें आहे, आणि अशा लाकडाची होडी उन्हाळ्यांत ओढून ठेवली कीं सांधे उघडतात.

खाऱ्या पाण्यांत लाकूड पोखरणारा एक जीव असतो. तो बाहेरून टांचणीएवढें भोंक पाडून आंत शिरतो आणि फळीच्या पोटांत बोगदे करतो. वरून फळी चांगलीच दिसते. यासाठीं नव्या होडींत जुनें लाकूड वापरलें आहे कीं काय हें अवश्य विचारावें, आणि संशय आल्यास लाकडावर हातोडी मारून आवाज ऐकावा. भरीव लाकूड टणक वाजतें, पोखरलेलें बद्द वाजतें.

खिळ्यांत लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले व तांब्याचे असे भेद आहेत, आणि त्यांच्या किंमतींत मोठें अंतर आहे. पाण्याखालच्या भागांत कोणते व पाण्यावरच्या भागांत कोणते, हें निराळें लिहून घ्यावें.

४. फायबरची होडी

आतां काचेचे तंतू व राळेसारखें रसायन यांच्या थरांची, म्हणजे फायबरची होडी सर्वत्र मिळते. ती हलकी असते, तिला कीड लागत नाहीं, दर वर्षीं सांधे भरावे लागत नाहींत. पण तिची लबाडीहि निराळी आहे. बळ काचेच्या तंतूंत असतें. रसायन त्यांस केवळ धरून ठेवतें. कमी थर घालून रसायन अधिक ओतलें तर होडी जाड दिसते पण ठिसूळ होते. हातानें थर देऊन केलेल्या साध्या कामांत वजनानें सुमारें तिसरा हिस्सा तंतू असावे लागतात. म्हणून विचारावें कीं तळास किती थर, बाजूस किती थर, आणि प्रत्येक थराचें दर चौरस मीटरास वजन किती. जो कारखानदार हें सांगतो व लिहून देतो त्याच्याशींच पुढें बोलावें. नाण्यानें सर्व अंगावर ठोकून पाहावें. जेथें आवाज पोकळ येतो तेथें थरांत हवा राहिली आहे. इंजिन जेथें अडकवितात त्या मागच्या भिंतीच्या पोटांत बहुधा लाकूड असतें. त्याच्या कडा पुऱ्या बंद नसल्यास तें आंतल्या आंत कुजतें.

५. किंमतीचा तक्ता

आतां सर्व कलमें एकत्र मांडावीं. खालील दर केवळ रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. ते बाजारभाव नव्हेत. आपल्या गांवीं चालू असलेले दर वाचकांनीं स्वतः चौकशी करून घालावे.

लाकूड ३० घनफूट, दर २,००० रुपये : ६०,००० रुपये.
खिळे व इतर लोखंड : ८,००० रुपये.
सांधे भरणें, तेल व रंग : ४,००० रुपये.
सुतार दोन, दिवस २०, रोज १,००० रुपये : ४०,००० रुपये.
मदतनीस एक, दिवस २०, रोज ६०० रुपये : १२,००० रुपये.
एकूण खर्च : १,२४,००० रुपये.
जागा, हत्यारें व नफा मिळून शेंकडा १५ : १८,६०० रुपये.
एकंदर : १,४२,६०० रुपये.

इंजिन घ्यावयाचें असल्यास तें या तक्त्यांत मिसळूं नये. त्याची किंमत वेगळी विचारावी आणि दुसऱ्या दुकानींहि पाहावी. होडी व इंजिन यांची एकच रक्कम सांगितली म्हणजे एकांत दिलेली सूट दुसऱ्यांत वसूल होते व आपणांस कळत नाहीं. तसेंच सांगितलेली किंमत कर धरून कीं कर सोडून, हें पहिल्याच भेटींत विचारावें.

६. बोलणी कशीं करावीं

बोलणीं सुरू करण्यापूर्वीं तीन आंकडे आपल्या वहींत लिहून ठेवावे: आपल्या तक्त्याचा आंकडा, आपण प्रथम सांगावयाचा आंकडा, आणि ज्याच्या वर जावयाचें नाहीं तो आंकडा. वरील उदाहरणांत ते अनुक्रमें १,४२,६००, १,३५,००० व १,६०,००० असे धरूं. शेवटचा आंकडा बरोबरच्या मनुष्यासहि सांगून ठेवावा, म्हणजे बोलण्याच्या भरांत आपण पुढें गेलों तर तो आवरील.

दर दोन ठिकाणीं घ्यावे, आणि दोन्ही ठिकाणीं मापें तींच सांगावीं. एकाच्या पाऊण इंच फळीची किंमत दुसऱ्याच्या एक इंच फळीशीं लावून पाहण्यांत अर्थ नाहीं. मात्र न घेतलेला दर घेतला म्हणून सांगूं नये. कारागीर एकमेकांस ओळखतात; खोटें उघडें पडलें कीं आपल्या खऱ्या बोलण्यासहि किंमत राहत नाहीं.

वेळ पाहावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांस मासेमारीची बंदी असते व नारळी पौर्णिमेच्या सुमारास सर्व होड्या पाण्यांत उतरतात. त्याच्या आधींच्या महिन्यांत कारागिराच्या दारांत गर्दी असते. तेव्हां तो कोणाचें ऐकेल? शेतकऱ्यास ती घाई नाहीं. त्यानें भात घरांत आल्यावर, मार्गशीर्ष-पौषांत काम सांगावें व उन्हाळ्याच्या आरंभीं होडी घ्यावी. “आजच विसार द्या, नाहींतर दुसरा नेईल” असें कोणी म्हणाला तर त्याला नमस्कार करून घरीं यावें.

एकूण रकमेवर झगडूं नये, कलमावर बोलावें. “मिस्त्री, फार सांगितलेंत, कांहीं कमी करा” या बोलण्यास “परवडत नाहीं, भाऊ” एवढेंच उत्तर मिळतें. “मिस्त्री, लाकूड किती घनफूट धरलेंत?” या प्रश्नास आंकडाच द्यावा लागतो. समजा विकणाऱ्यानें १,९०,००० सांगितले आणि विचारल्यावर फोड अशी दिली: लाकूड ४० घनफूट, ८०,००० रुपये, खिळे १०,०००, सांधे व रंग ५,०००, मजुरी ६०,०००, बाकी ३५,००० नफा. आतां बोलावयास जागा सांपडली. लाकडाचा हिशेब त्याच्यापुढें मांडला. त्यानें दाखविलें कीं, वाकड्या लाकडांत घट चतुर्थांशाहून अधिक होते. तें खरें दिसलें म्हणून ३३ घनफुटांवर, म्हणजे ६६,००० रुपयांवर जुळलें. खिळे तळाच्या भागांत तांब्याचे असल्यामुळें १०,००० मान्य केले. सांधे व रंग ४,०००. मजुरी ५६,०००. बेरीज १,३६,००० झाली. त्यावर शेंकडा १५ प्रमाणें २०,४०० धरून १,५६,४०० झाले आणि सौदा १,५६,००० वर, दोन वल्हीं व नांगराच्या दोरासह ठरला.

हा आंकडा आपल्या पहिल्या तक्त्याहून १३,४०० रुपयांनीं अधिक आहे, पण प्रत्येक वाढीस कारण आहे. मागितलेल्या किंमतीहून तो ३४,००० नीं कमी आहे, आणि त्या प्रत्येक कपातीसहि कारण आहे. उभय पक्षांचा मान राहतो व काम मनापासून होतें. शेवटीं हजार-दोन हजारांवर अडल्यास रुपयांत न सोडवितां वस्तूंत सोडवावें: जास्तीचें वल्हें, पाणी उपसण्याचें भांडें, अगर पहिल्या उन्हाळ्यानंतर एकदां सांधे भरून देणें. हें शेवटचें कलम रोख सुटीपेक्षां अधिक मोलाचें असतें, कारण त्यामुळें कारागीर सांधे आधींच नीट भरतो.

कर्ज काढून होडी घेणाऱ्यांस एक सूचना. बँकेसाठीं दरपत्रक वाढवून देतों असें विकणारा सुचवितो. ४०,००० रुपये जास्तीचे दाखविले तर शेंकडा दहा दरानें पहिल्या वर्षाचें ४,००० रुपये व्याज आपल्याच डोक्यावर बसतें, खोट्या कागदावर सही आपली होते, आणि आपल्या हातीं किती पैसा येणार हें विकणाऱ्यास कळल्यामुळें त्याचा आंकडा खालीं येत नाहीं.

७. कागद

महसूल खात्याच्या दफ्तरांत जन्म काढलेल्या मनुष्यास तोंडी व्यवहाराची गति काय होते हें निराळें सांगावयास नको. होडीचा करार दोन पानांचा असला तरी पुरे, पण त्यांत पुढील गोष्टी याव्याच: लांबी, रुंदी व खोली, लाकडाची जात व फळीची जाडी, खिळ्यांचा प्रकार, बरोबर मिळणाऱ्या वस्तु, तयार करून देण्याची तारीख, पैशांचे हप्ते, आणि नोंदणीच्या कागदांची जबाबदारी. जुन्या १९१७ च्या कायद्याच्या जागीं २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे. इंजिन बसविल्यास तपासणी व नोंदणी यांचा प्रश्न येतो. त्यास लागणारे बांधणीचे दाखले विकणाऱ्यानेंच द्यावे असें लिहून घ्यावें.

विसार व आगाऊ रक्कम यांत भेद आहे. घेणाऱ्यानें सौदा मोडल्यास विसार बुडतो. आगाऊ रक्कम ही किंमतीचाच भाग असल्यामुळें, नुकसानभरपाई वजा जातां, ती परत मागतां येते. विमानांच्या भंगाराच्या एका सौद्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं दहा लाखांच्या किंमतीपैकीं अडीच लाखांचा विसार विकणाऱ्यानें जप्त केला तो कायम ठेवला. म्हणून विसार लहान ठेवावा, आणि मोठ्या रकमेच्या पावतीवर ‘किंमतीपोटीं आगाऊ’ असे शब्द घालावे. पांच हजारांवरील रोख रकमेच्या पावतीस एक रुपयाचें महसूल तिकीट लावून सही घ्यावी.

हप्ते कामाशीं बांधावे, तारखेशीं नव्हे. पठाण बसविल्यावर चौथा हिस्सा, फळ्या लागल्यावर चौथा हिस्सा, पाण्यांत सोडल्यावर चौथा हिस्सा आणि पाण्यांत आठ दिवस राहिल्यावर बाकी, ही वांटणी आम्हांस योग्य वाटते. कारागिरास लाकडासाठीं पैसा मिळतो आणि आपल्या हातीं शेवटपर्यंत कांहीं राहतें.

१९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचा आधारहि ठाऊक असावा. होडी कोणत्या कामासाठीं हवी हें विकणाऱ्यास सांगून, त्याच्या कसबावर भरंवसा ठेवून घेतली, तर ती त्या कामास योग्य असावी अशी अट कलम १६ प्रमाणें कायदाच धरतो. म्हणून ‘नऊ क्विंटल वजन खाडीपार नेण्यासाठीं’ असे शब्द करारांत घालावे. उलटपक्षीं, माल स्वतः तपासून घेतला असतां जो दोष त्या तपासणींत दिसावयास हवा होता, त्याबद्दल मागाहून तक्रार चालणें कठीण. तसेंच वेगळा ठराव नसेल तर होडी पुरी होऊन तशी सूचना मिळेपर्यंत मालकी, व तिच्याबरोबर नुकसानीचा धोका, विकणाऱ्याकडे राहतो. ‘कामांत असतांना नुकसान झाल्यास घेणाऱ्याचें’ असें वाक्य कोणी कागदांत घातलें, तर तें काढावयास लावावें.

चौघे-पांच जण मिळून होडी घेत असल्यास आणखी एक कागद आपसांत करावा: प्रत्येकाचा पैसा किती, कापणीच्या दिवसांत पाळी कोणाची, दुरुस्तीचा खर्च कसा वांटावयाचा आणि एकानें भाग सोडल्यास त्याची किंमत कशी ठरवावयाची. सामाईक विहिरीवरून जे तंटे होतात तेच सामाईक होडीवरूनहि होतात.

८. ताबा घेतांना

रंग पाहून ताबा घेऊं नये. नाळेच्या टोंकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरावी. दोन्ही अंतरें सारखीं आलीं तर होडी सरळ आहे. नवी लांकडी होडी पहिल्या एक-दोन दिवसांत थोडें पाणी घेते, कारण फळ्या फुगून सांधे बसावयाचे असतात. तेवढ्यावरून भांडूं नये. पण आठ दिवसांनंतरहि संध्याकाळीं कोरडी केलेली होडी सकाळीं पाण्यानें भरलेली सांपडली, तर शेवटचा हप्ता थांबवावा. उथळ पाण्यांत तीन माणसें एका बाजूस उभीं करून ती किती कलते तें पाहावें. शेवटीं मोजलेलीं पोतीं भरून दर इंचास किती वजन पडतें हें तपासावें, आणि कांठ एक फुटावर राहील त्या ठिकाणीं बाहेरून रंगाची ठळक रेघ मारून घ्यावी. कापणीच्या गर्दींत आणखी दोन पोतीं टाकण्याचा मोह सर्वांसच होतो. ती रेघ पाण्याखालीं गेलेली दिसली, म्हणजे वल्हें धरणाऱ्या गड्यानेंहि होडी सोडण्यास नकार द्यावा व मालकानें तो ऐकावा, असा घरचा नियमच करून ठेवावा.

ज्यांनीं अलीकडे होडी बांधून घेतली असेल त्यांनीं आपला हिशेब, म्हणजे घनफूट, दर, मजुरीचे दिवस व शेवटची किंमत, गांवच्या इतर शेतकऱ्यांस दाखवावा. विकणाऱ्याजवळ दहा सौद्यांची माहिती असते. आपण दहा जणांनीं आपापल्या वह्या एकत्र ठेवल्या, तर तेवढीच माहिती आपल्याजवळहि होईल, आणि पुढच्या वर्षीं होडी घेणाऱ्यास कोऱ्या हातानें जावें लागणार नाहीं.